हाक एक, पंथ अनेक

मनमाड जंक्शनची एक जुनी ओळख आजच्या तरुणांना सांगितली, तर त्यांना ती खरी वाटणार नाही. मुंबईकडून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग मोठ्या रुळांचा, म्हणजे साडेपाच फूट रुंदीचा होता. तर विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या राज्यातून गोदावरीच्या खोऱ्याने मनमाडपर्यंत येऊन पोचलेला मार्ग मीटर रुंदीचा, म्हणजे सुमारे सव्वातीन फुटांचा होता. दोन्ही गाड्या एकाच स्थानकात येत. परंतु एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चढू शकत नसे. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, प्रवासी मुंबईस निघाला, की मनमाडला उतरणे, बोचकी हमालाच्या डोक्यावर देणे आणि दुसरी गाडी गाठणे त्याला चुकत नसे. मालाची पोतीही एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावी लागत. १९९२ साली रेल्वेने देशभर एकच रुंदी करण्याची योजना हाती घेतली आणि त्याच सुमारास मनमाडची ही अडचण दूर झाली.

यात कोणाचा मूर्खपणा होता असे म्हणता येणार नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, तेव्हा या विशाल देशाला रुंद आणि भक्कम रूळ हवेत, असा लॉर्ड डलहौसींच्या सरकारचा विचार होता. १८७० साली लॉर्ड मेयोंच्या सरकारने खर्चाचा हिशेब मांडला आणि नव्या मार्गांना अरुंद रूळ पुरेत असे ठरविले. दोन्ही निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचेच होते. ते मनमाडच्या फलाटावर समोरासमोर आले आणि त्यांच्यातील अंतराची किंमत प्रवाशाने आपल्या वेळेने व कष्टाने भरली.

आम्हांला आज रेल्वेविषयी लिहावयाचे नाही. जे लोखंडी रुळांचे झाले, तेच पुढे आपल्या खिशातील मोबाईलचेही झाले, एवढेच येथे सांगावयाचे आहे. या शतकाच्या आरंभी सुमारे पंधरा वर्षे आपल्या नाशिक शहरात आणि जिल्ह्यात मोबाईलचे दोन पंथ नांदत होते. एकाचे नाव जीएसएम, दुसऱ्याचे सीडीएमए. एकाच घरातील दोन भावांचे फोन वरून सारखे दिसत; पण एकाचा फोन दुसऱ्याच्या कंपनीवर चालत नसे. जगाच्या नकाशावरही हीच वाटणी होती. युरोपात एक पंथ, अमेरिकेत अनेक, कोरियात वेगळा, जपानात आणखी वेगळा. बोलणारा माणूस एक, त्याची हाक एक. मग तिच्या वाटा इतक्या वेगळ्या का झाल्या? या प्रश्नाचे उत्तर यंत्रशास्त्रात थोडे आणि माणसांच्या शेजारधर्मात अधिक सापडते, असे आमचे मत झाले आहे.

न दिसणारे रूळ

प्रथम ही व्यवस्था चालते कशी, ते थोडक्यात पाहू. हवेतून आवाज नेणाऱ्या रेडिओलहरींचा साठा मर्यादित आहे. जमिनीसारखाच तो वाढविता येत नाही. एका शहराला मिळालेल्या लहरी एकाच उंच मनोऱ्यावरून वापरल्या, तर मोजकीच माणसे एका वेळी बोलू शकतील. यावर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली एक कल्पना मांडली गेली. मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे शहराचे लहान लहान खाने पाडावेत, प्रत्येक खान्याला आपला कमी शक्तीचा मनोरा असावा, आणि एका खान्यातील लहरी थोड्या दूरच्या खान्यात पुन्हा वापराव्यात. माणूस चालता चालता एका खान्यातून दुसऱ्यात गेला, की पहिल्या मनोऱ्याने त्याला दुसऱ्याच्या हाती सोपवावे. इंग्रजीत खान्याला ‘सेल’ म्हणतात, म्हणून हा ‘सेल्युलर’ फोन.

हे सारे जुळून यावयाचे, तर फोन आणि मनोरा यांच्यात आधी एक करार हवा. कोणत्या लहरींवर बोलायचे, आवाजाचे संकेतांत रूपांतर कसे करायचे, बोलणारा कोण हे कसे ओळखायचे, त्याला पुढच्या मनोऱ्याकडे कसे सोपवायचे, याचे शेकडो नियम दोघांनाही ठाऊक हवेत. या नियमांच्या संचालाच प्रमाण प्रणाली म्हणतात. हेच मोबाईलचे रूळ होत. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्यांची रुंदी जुळली नाही, तर फोन मुका होतो.

पहिल्या पिढीत हे रूळ प्रत्येक देशाने आपापले टाकले. जपानने १९७९ साली टोकियोत आरंभ केला. १९८१ पासून स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क व फिनलंड या उत्तरेकडील चार देशांनी मिळून एकच प्रणाली चालू केली. ऑक्टोबर १९८३ मध्ये शिकागोत अमेरिकेची सेवा सुरू झाली. १९८५ साली ब्रिटनने अमेरिकन प्रणालीत फेरफार करून आपली निराळी प्रणाली आणली; जर्मनी, फ्रान्स आणि इटली यांनीही आपापल्या वेगळ्या आणल्या. त्या काळी हे फोन बहुधा मोटारीत बसविलेले असत. मोटार जर्मनीतून फ्रान्सच्या हद्दीत शिरली, की तिच्यातील महागडा फोन निव्वळ ओझे होऊन बसे. उत्तरेकडील चार देशांचा अनुभव मात्र निराळा होता. तेथे सीमा ओलांडली तरी फोन बोलत राहत असे. एकत्र येण्याचा लाभ ज्यांनी चाखला होता, त्यांनीच पुढे एकीचा आग्रह धरला.

युरोपचा समेट

१९८२ साली युरोपातील टपाल व तार प्रशासनांच्या परिषदेने एक खास अभ्यासगट नेमला. साऱ्या युरोपासाठी एकच मोबाईल प्रणाली आखणे, हे त्याचे काम होते. त्या गटाच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरे म्हणजे जीएसएम. पुढे तीच अक्षरे प्रणालीचे नाव झाली आणि त्यांचा इंग्रजी अर्थही नव्याने लावण्यात आला.

काम सोपे नव्हते. १९८६ साली पॅरिसमध्ये निरनिराळ्या गटांनी बनविलेल्या आठ नमुन्यांची परीक्षा झाली. फेब्रुवारी १९८७ मध्ये पोर्तुगालच्या मदैरा बेटावर गटाची बैठक भरली, तेव्हा बहुसंख्य देश एका तंत्राच्या बाजूचे होते, तर फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी या दोन बलाढ्य देशांचा कल दुसऱ्या तंत्राकडे होता. त्यांच्या कारखानदारांचा पैसा त्यात गुंतला होता. येथे सारे मोडले असते, तर कोणालाही नवल वाटले नसते. परंतु मे १९८७ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली व ब्रिटन यांचे मंत्री बॉन येथे जमले आणि त्यांनी बहुमताचे तंत्र मान्य केले. ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगन येथे १३ देशांच्या दूरध्वनी चालकांनी करारावर सह्या केल्या. अमुक वर्षी आम्ही सर्व जण ही एकच प्रणाली सुरू करू, असे ते परस्परांना दिलेले वचन होते. आपला नाशिक धर्मप्रांत त्याच वर्षी, १५ मे १९८७ रोजी, स्थापन झाला होता. त्या वेळी आपल्याकडे घरात साधा तारेचा फोन असणे हेच भाग्याचे लक्षण होते.

बॉनमधील हा समेट किती मोलाचा, हे समजण्यासाठी ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक जुने प्रकरण आठवावे. १५८२ साली परमगुरुस्वामी तेरावे ग्रेगरी यांनी पंचांगाची दुरुस्ती जाहीर केली. येशूसंघीय गणिती ख्रिस्तोफर क्लाव्हियस यांचा त्या कामात मोठा वाटा होता. गणित अचूक होते. परंतु ते रोमहून आले होते. कॅथलिक देशांनी ते लवकरच स्वीकारले. ब्रिटनने १७५२ साली, म्हणजे १७० वर्षांनी. आणि रशियाने १९१८ साली. इतकी वर्षे इंग्लिश खाडीच्या दोन तीरांवर दोन तारखा चालत होत्या. चांगली गोष्ट केवळ चांगली आहे म्हणून स्वीकारली जात नाही. ती कोणी आणली, हेही माणूस पाहतो. युरोपातील देशांनी जो अहंकार पंचांगाच्या बाबतीत शतकानुशतके जपला, तो मोबाईलच्या बाबतीत तीन महिन्यांत खाली ठेवला, ही गोष्ट लहान नव्हे.

१ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी ताम्पेरे शहराच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांना या प्रणालीवरील पहिला फोन केला. पुढच्या वर्षापासून ती युरोपभर पसरू लागली. तिच्यात एक लहानशी पण दूरदर्शी योजना होती. ग्राहकाची ओळख यंत्रात कोरलेली नसून ती एका सुट्या कार्डात ठेवलेली होती. हेच ते सिमकार्ड. यंत्र बदलले तरी नंबर तोच. देश बदलला तरी यंत्र तेच. शरीर आणि आत्मा यांचा भेद आमच्यासारख्यांना पुस्तकांतून शिकावा लागला. मोबाईलच्या दुकानदाराला तो सिमकार्डाने शिकविला.

अमेरिकेला निकड का वाटली नाही

अमेरिकेची गोष्ट उलटी. तेथे १९८३ पासून साऱ्या देशात पहिल्या पिढीची एकच प्रणाली होती. न्यूयॉर्कचा फोन कॅलिफोर्नियात चालत होता. ज्याला दुखणे नाही, तो वैद्य कशाला शोधील? शिवाय १ जानेवारी १९८४ रोजी तेथील टेलिफोनची अवाढव्य मक्तेदार कंपनी न्यायालयीन तडजोडीने विभागली गेली होती आणि सरकारने ठरवून देण्यापेक्षा बाजाराने निवडावे, या विचाराचा तो काळ होता. दुसऱ्या, म्हणजे अंकीय पिढीची वेळ आली, तेव्हा कोणते तंत्र वापरावयाचे ते तेथील दूरसंचार आयोगाने कंपन्यांवर सोपविले.

काही कंपन्यांनी वेळेची वाटणी करणारे तंत्र घेतले. युरोपच्या जीएसएमचाही पाया तोच होता. याच वेळी सॅन डिएगो शहरातील क्वालकॉम या छोट्या कंपनीने, जी १९८५ साली स्थापन झाली होती, एक निराळेच तंत्र पुढे आणले आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. हेच सीडीएमए. १९९३ साली त्यालाही प्रमाण म्हणून मान्यता मिळाली.

या दोन तंत्रांतील फरक देवळातल्या उदाहरणाने सांगता येईल. मिस्साच्या वेळी एक जण वाचन करतो, तो बसला की दुसरा उठतो. प्रत्येकाची वेळ ठरलेली आणि एकाच्या वेळी दुसरा गप्प. जीएसएममध्ये लहरींच्या एका पट्ट्यावर आठ जण असे पाळीपाळीने बोलतात. पाळी इतक्या झपाट्याने फिरते, की कोणाला खंड जाणवत नाही. सीडीएमएमध्ये मात्र सारे एकाच वेळी, एकाच पट्ट्यावर बोलतात. पण प्रत्येक जोडीची सांकेतिक भाषा निराळी. ऐकणारा आपल्या भाषेतले तेवढे वेचून घेतो. बाकीचे त्याच्या लेखी गलबला. पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेममध्ये जमलेल्या देशोदेशींच्या लोकांना प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले, तो प्रसंग आमच्या वाचकांना येथे सहज आठवेल. त्या दिवशीचे कार्य पवित्र आत्म्याचे होते, येथे गणिताचे आहे, हा फरक अर्थातच विसरू नये. मर्यादित लहरींत अधिक माणसे सामावून घेण्याची क्षमता या तंत्रात होती, हे त्याच्या विरोधकांनाही पुढे मान्य करावे लागले.

आशियातील देशांनी आपापला स्वार्थ पाहिला. दक्षिण कोरियाला केवळ फोन वापरावयाचे नव्हते, बनवावयाचे होते. युरोपच्या प्रणालीत जुने कारखानदार आधीच ठाण मांडून बसले होते. म्हणून कोरियाने १९९१ साली क्वालकॉमशी करार केला आणि जानेवारी १९९६ मध्ये सीडीएमए सेवा सुरू केली. त्या देशाच्या कारखान्यांचा पुढील उत्कर्ष सर्वश्रुत आहे. जपानने १९९३ साली तिसरीच, स्वतःची प्रणाली उभारली; ती जपानबाहेर रुजली नाही.

या साऱ्याचा मथितार्थ काढला, तर निवडीची कारणे चार दिसतात. हाताशी आधीचे काय आहे, शेजारी कोण आहे, लहरींचा कोणता पट्टा मोकळा आहे आणि कारखाना कोणाचा चालावयाचा आहे. गुणवत्ता यांच्यामागून येते. आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभही याला अपवाद नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. मराठीच्या गोडवीचे एवढे गुणगान करणाऱ्या या कवीला देवनागरीचे वावडे नव्हते. छापखान्यात खिळे होते ते रोमन लिपीचे. हाताशी असलेल्या साच्याने ग्रंथाची लिपी ठरविली आणि मराठी मुलखातील सामान्य वाचकापासून तो ग्रंथ दीर्घकाळ दूर राहिला.

दाराने आलेला आणि खिडकीने आलेला

आता आपल्या देशाकडे वळू. मे १९९४ मध्ये भारताचे राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर झाले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांचे मोबाईल परवाने त्याच वर्षअखेरीस देण्यात आले आणि सरकारने प्रणाली ठरवून दिली ती जीएसएम. त्या घडीला ही निवड शहाणपणाचीच होती. युरोपात ती प्रत्यक्ष चालू होती, तिची यंत्रे अनेक कारखान्यांकडून मिळत होती. आणि सीडीएमएचे व्यापारी जाळे तेव्हा जगात कोठेही उभे राहिलेले नव्हते. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांना दिल्लीस फोन केला आणि भारतात मोबाईलयुग सुरू झाले.

राज्यांचे परवाने १९९५ च्या अखेरीस निघाले. सरकारी नकाशात मुंबई निराळी आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह निराळा. आपले नाशिक या दुसऱ्या विभागात. येथे बीपीएल आणि बिर्ला-एटी अँड टी अशा दोन कंपन्यांना परवाने मिळाले आणि १९९७ च्या सुमारास राज्यातील शहरांत सेवा पोचू लागली. पुढे टाटांचा मोबाईल व्यवसाय बिर्लांच्या कंपनीत मिसळला, तेव्हा तिन्ही नावांची आद्याक्षरे जोडून लोक तिला गमतीने ‘बटाटा’ म्हणत. पुढे तिचेच नाव ‘आयडिया’ झाले. बटाटा हे गरिबाचे खाद्य. हा फोन मात्र गरिबाचा नव्हता. आरंभीचा दर मिनिटाला ८ रुपये ४० पैसे, गर्दीच्या वेळी १६ रुपये ८० पैसे, आणि आलेला फोन घेतला तरी पैसे मोजावे लागत. सामान्य माणसाचा आधार पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ हाच होता.

याच काळात खासगी कंपन्यांना घरगुती टेलिफोनचे, म्हणजे ‘मूलभूत सेवे’चे परवानेही देण्यात आले होते. आपल्या राज्यासाठी तो ह्यूजेस कंपनीकडे होता. २००२ च्या अखेरीस तो टाटांकडे गेला. घरोघरी तांब्याची तार ओढणे खर्चाचे आणि वेळखाऊ. म्हणून शेवटचा टप्पा तारेऐवजी रेडिओलहरींनी जोडण्याची मुभा होती, आणि त्यासाठी ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सीडीएमए तंत्र वापरले जाई. आता असा बिनतारी फोन घरातून उचलून अंगणात नेला, तर तो घरचा राहिला की फिरता झाला? आणि अंगणातून बाजारात नेला तर?

जानेवारी २००१ मध्ये सरकारने या कंपन्यांना ‘मर्यादित फिरते’पणाची परवानगी दिली. फोन फिरावा, पण आपल्या स्थानिक टेलिफोन क्षेत्रातच. हे क्षेत्र साधारण एका तालुक्याएवढे. ०२५३ हा नाशिकचा संकेतांक, ०२५५१ सिन्नरचा, ०२५५४ मालेगावचा. नियमाप्रमाणे नाशिकच्या फोनने सिन्नरच्या शिवेत शिरता कामा नये! अर्थात नियमातून वाटा निघाल्याच. ज्यांनी मोबाईलच्या परवान्यासाठी प्रचंड रकमा मोजल्या होत्या, त्या जीएसएम कंपन्या न्यायालयात गेल्या. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी लवादाकडे धाडले, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये सरकारने दोन्ही सेवांसाठी एकत्रित परवाना आणून वादावर पडदा टाकला. अशा रीतीने एक पंथ आपल्या देशात राजदरवाजाने आला, दुसरा खिडकीने. युरोपात प्रणालींचा प्रश्न अभियंत्यांच्या आणि मंत्र्यांच्या बैठकीत सुटला. आपल्याकडे तो परवान्याच्या शब्दार्थावरून न्यायालयात लढला गेला.

स्वस्ताई आणि तिची किंमत

येथे इतिहासाने दाखविलेला विनोद ध्यानात घ्यावा. खिडकीने आलेल्यानेच गरिबाच्या घरी फोन पोचविला. डिसेंबर २००२ च्या अखेरीस रिलायन्सने आपले सीडीएमए जाळे सुरू केले. जुलै २००३ मध्ये ५०१ रुपये भरून फोन घरी नेण्याची आणि उरलेली रक्कम हप्त्यांनी फेडण्याची योजना निघाली. जीएसएम कंपन्यांना दर उतरविणे भाग पडले. त्याच वर्षी आलेल्या फोनचे पैसे घेणेही बंद झाले. मार्च २००२ मध्ये देशभरात मोबाईलधारक साधारण ६५ लाख होते. दोनच वर्षांत त्यांची संख्या तीन कोटींच्या पुढे गेली. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे कामाला येणाऱ्या मजुराला आपल्या घरची खुशाली हातातल्या यंत्रावर कळणे शक्य झाले, ते या चढाओढीमुळे. दोन्ही गोटांत आरंभापासून सलोखा असता, तर दर इतक्या लवकर खाली आले असते असे आम्हांला वाटत नाही.

परंतु स्वस्ताईलाही किंमत असते. दोन्ही पंथांचे लोक एकमेकांना फोन करू शकत. अडचण यंत्राची होती. त्या काळच्या बहुतेक सीडीएमए फोनांत काढता येणारे कार्ड नसे. ग्राहकाची ओळख यंत्रातच बांधलेली असे. कंपनी बदलली, की यंत्र टाकून द्यावे लागे. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली, तरी नंबर बरोबर येई आणि फोन मागे राहून जाई. श्रीमंताला याचे काही वाटले नाही. त्याने नवा घेतला. हप्ते फेडून फोन आपला करणाऱ्याला मात्र तो खऱ्या अर्थाने कधीच आपला झाला नाही. धर्मग्रामात घरभेटींना जाताना अशी निरुपयोगी झालेली यंत्रे लहान मुलांच्या खेळण्यांत पडलेली आम्ही पाहिली आहेत.

कोण जिंकले?

शेवट सांगावयाचा तर संख्याबळाने जीएसएमचा जय झाला. जगभरातील बहुसंख्य देश त्या बाजूस गेल्याने यंत्रे स्वस्त झाली आणि यंत्रे स्वस्त म्हणून आणखी देश त्या बाजूस गेले. भारतात ऑक्टोबर २००७ मध्ये एकाच कंपनीला दोन्ही तंत्रे वापरण्याची अनुमती मिळाली. मग रिलायन्सने आणि २००९ साली टाटांनीही जीएसएमचा मार्ग धरला. २०१६-१७ च्या सुमारास रिलायन्सचे सीडीएमए जाळे बंद झाले आणि पाठोपाठ टाटांचा मोबाईल व्यवसायही एअरटेलकडे गेला. अमेरिकेतील व्हेरायझन कंपनीने आपले सीडीएमए २०२२ च्या अखेरीस कायमचे मिटविले.

तरीही हरलेला पूर्णपणे हरला नाही. जीएसएम घराण्याने तिसरी पिढी उभारली, तेव्हा तिचा पाया म्हणून निवडले ते सीडीएमएचेच रुंदावलेले तंत्र. ज्याला घराबाहेर ठेवले, त्याचीच युक्ती घराचा आधारस्तंभ झाली! चौथ्या पिढीत दोन्ही गोटांनी आपापले जुने तंत्र बाजूस सारले आणि तिसऱ्याच तंत्रावर एकत्र आले. क्वालकॉमने आपला वेगळा आराखडा २००८ साली सोडून दिला. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम व ऑस्लो येथे ही सेवा सुरू झाली. आपल्या राज्यात तर १९९५ साली एकमेकांसमोर उभे केलेले दोन परवानेही एकाच छपराखाली आले. बीपीएलचे जाळे हचकडे व तेथून व्होडाफोनकडे गेले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया या कंपन्या एक झाल्या.

या इतिहासातून आम्ही काय घ्यावे? एकी ही चांगल्या यंत्रातून आपोआप निपजत नाही. मदैराच्या बैठकीनंतर कोणीतरी आपला हेका सोडला म्हणून युरोपचा फोन सीमा ओलांडू शकला. दुसरीकडे, साऱ्यांनी एकाच साच्यात बसावे असा हट्टही हिताचा नाही. वेगळ्या वाटेने आलेल्याकडे पुष्कळदा अशी देणगी असते, की जी उद्या आपल्यालाच लागणार असते. आमची लॅटिन मिस्सा कोणत्याही देशात, कोणत्याही वेदीवर सारखीच अर्पिली जात असे. तो एका प्रमाणाचा मोठा लाभ होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्या लोकांनी मराठीतून प्रार्थना सुरू केली, तेव्हा ती हृदयाजवळ आली. तो वेगळेपणाचा लाभ. ख्रिस्तसभेने भाषा सोडल्या, श्रद्धा एक ठेवली. काय एक ठेवावयाचे आणि काय मोकळे सोडावयाचे, हे ओळखणे हीच खरी कसोटी होय.

ही कसोटी आजही संपलेली नाही. मनोरे एक झाले. पण भिंती फोनच्या आत उभ्या राहिल्या. एका निरोप्या-ॲपचा निरोप दुसऱ्यावर सहसा जात नाही. एका कंपनीचे यंत्र घेणाऱ्याला तिचीच दुकाने बांधून घेतात. युरोपने कायदा करून डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना एकाच प्रकारचा चार्जर लावावयास भाग पाडले, हे या दृष्टीने स्वागतार्ह आहे. आपल्या समाजातील अनेक तरुण आज संगणक आणि दूरसंचार क्षेत्रांत नोकऱ्या करीत आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणी असे नियम ठरविणाऱ्या बैठकीत बसेल, तेव्हा हप्त्याने फोन घेणाऱ्या माणसाची खुर्ची तेथे रिकामी असेल, हे त्याने ध्यानात ठेवावे आणि त्या माणसाच्या वतीने एक शब्द बोलावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.